सिम घेतलं, पैसे भरले, पण चालू होईना

परदेशात गेल्यावर तिकडचं प्रीपेड सिम कसं सुरू करायचं, या विषयावर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न या वेळच्या सदरात एकत्र घेतले आहेत. तक्रार जवळपास सगळ्यांची तीच आहे, जी मथळ्यात दिली आहे.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी. सिम चालू होणं हे एक काम नाही, तीन कामं आहेत. कार्डची नोंद होणं (बहुतेक देशांत तुमच्या पासपोर्टवर), कार्डवर पॅक बसणं आणि तुमच्या हँडसेटने त्या कंपनीचं नेटवर्क पकडणं. ही तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि एक जरी अडलं तरी फोन बंदच दिसतो. दुकानदार ‘दहा मिनिटांत होईल’ म्हणतो ते पहिल्या दोन कामांबद्दल. तिसरं तुमच्या हातात असतं. नेमकं काय अडलंय ते ओळखता आलं की निम्मी वणवण वाचते.

प्रश्न : लेक-जावई न्यू जर्सीला असतात. आम्ही दोघं पाच महिन्यांसाठी जाणार आहोत. फोन इथंच घेतलेले, साधे अँड्रॉइड. सिम इथून न्यावं की तिथं घ्यावं? आणि ते सुरू कसं करायचं? (गंगापूर रोड)

उत्तर : सिम तिथंच घ्या, पण फोनची तपासणी निघण्याआधी इथं करा. अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपलं ३जी नेटवर्क बंद केलं. त्यामुळे बोलणंसुद्धा ४जीवरूनच होतं, ज्याला आपण व्होल्टी म्हणतो. इथं जिओवर व्होल्टी चालतं म्हणून तिथंही चालेल असं धरून चालू नका. फोन बनवणाऱ्याने त्या-त्या कंपनीसाठीचं व्होल्टीचं सेटिंग फोनमध्ये घातलेलं असावं लागतं. ते नसलं की नेट झकास चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण साधा फोन लावला की लागतच नाही. एटी अँड टी तर मान्य हँडसेटची यादीच ठेवते. यादीत नसलेल्या फोनवर सिम सुरू होत नाही किंवा मागाहून बंद होतं. इथल्या फोनना सहसा टी-मोबाइलचं नेटवर्क, किंवा त्याच टॉवरवर चालणाऱ्या लहान कंपन्यांचं सिम, कमी त्रासाचं पडतं.

तपासणी अशी करा. फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन दिसतील. दोन्ही लेकीला पाठवा. ती कंपनीच्या वेबसाइटवर ते टाकून फोन चालेल की नाही हे पाच मिनिटांत बघू शकते. फोन जर मागे तिनेच तिकडून पाठवलेला असेल तर तो एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, हेही बघा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या पानावर ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. तिथं ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसायला हवं.

आता सिम सुरू करणं. लेकीला सिम आधी घरी मागवून ठेवू द्या. दुकानात टांगलेल्या पाकिटावरची किंमत बहुतेक वेळा नुसत्या कार्डची असते. पॅकचे पैसे वेगळे. हे माहीत नसल्याने पुष्कळजण पाकीट फोडून सिम घालतात आणि रेंजची वाट बघत बसतात. कार्डच्या पाठीवर १९ किंवा २० आकडी क्रमांक असतो, सुरुवात ८९ ने. कंपनीच्या वेबसाइटवर ‘अ‍ॅक्टिव्हेट’ मध्ये आधी हा क्रमांक टाकायचा, मग फोनचा आयएमईआय, मग लेकीच्या घराचा झिप कोड. झिप कोडवरून तुमच्या नंबरचा एरिया कोड आणि कर ठरतो. मग पॅक निवडून पैसे भरायचे. हे सगळं घरच्या वायफायवर बसून, सिम फोनमध्ये न घालता करा. पैसे पोचल्याचा ई-मेल आला की फोन बंद करा, सिम घाला, चालू करा आणि दहा मिनिटं काहीही न दाबता थांबा. पहिल्या जोडणीत फोन स्वतःची सेटिंग उतरवून घेत असतो. तेवढ्यात कंटाळून सिम काढ-घाल केली की पुन्हा पहिल्यापासून.

पैसे लेकीच्या कार्डाने भरलेले बरे. तिकडचा फॉर्म पाच आकडी झिप मागतो. ४२२ ने सुरू होणारा आपला सहा आकडी पिनकोड तो घेत नाही आणि कार्ड नाकारलं जातं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवरचा परदेशी वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावा लागतो. ‘ऑटो-पे’ची खूण मात्र आठवणीने काढा, नाहीतर तुम्ही नाशिकला परतल्यावरही दर महिन्याला लेकीचे पैसे कापले जातील.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी हाच भाग दुप्पट काळजीने वाचावा. तिथं टेल्स्ट्रा आणि ऑप्टसचं ३जी ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद झालं. ज्या फोनवरून ४जीवर ०००, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, लागत नाही असा फोन नेटवर्कवर घ्यायचाच नाही असं बंधन कंपन्यांवर आहे. असा फोन नेटलाही जोडला जात नाही.

प्रश्न : परदेशी सिम घातल्यावर बँकेचे ओटीपी येतील का? मागच्या वेळी यजमानांचं बँकेचं अ‍ॅप दोन आठवडे बंद पडलं होतं. (इंदिरानगर)

उत्तर : ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्ये राहिलं पाहिजे आणि जिवंतही राहिलं पाहिजे. पाकिटात जपून ठेवलेलं सिम ओटीपी घेऊ शकत नाही. शिवाय बऱ्याच बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स नोंदवलेलं सिम फोनमध्ये आहे का ते बघतात. नसलं की अ‍ॅप बाहेर काढतं आणि पुन्हा नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस पाठवायला सांगतं. यजमानांचं अ‍ॅप बहुधा याच कारणाने अडलं असावं.

तेव्हा भारतीय सिम पहिल्या खाचेत, परदेशी दुसऱ्या खाचेत. तुमच्या फोनची दुसरी खाच मेमरी कार्डासोबत सामायिक असेल तर कार्ड काढावं लागेल. त्यातले फोटो आधी फोनमध्ये किंवा संगणकावर उतरवून घ्या.

निघण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमधून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. ते सुरू असलं की येणारे एसएमएस आपल्या मोठ्या कंपन्यांकडे फुकट असतात. येणारा कॉल उचलला तर मात्र पैसे लागतात. हे काम मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या गाडीत करायला घेऊ नका. विनंती मान्य होऊन प्रत्यक्ष लागू व्हायला वेळ लागतो आणि उतरल्यावर ती पाठवायला नेटवर्कच नसतं. दोन दिवस आधी करा.

तिकडे पोचल्यावर फोनच्या सिम सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघायच्या. मोबाइल डेटासाठी परदेशी सिम निवडलेलं हवं. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद हवं. आणि ‘ऑटो डेटा स्विचिंग’ नावाची जी सोय असते तीही बंद हवी. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त पैसे खाते. परदेशी सिमची रेंज जरा पडली की फोन आपण होऊन भारतीय सिमच्या नेटवर उडी मारतो. पोस्टपेड असेल तर त्याचं बिल घरी आल्यावरच कळतं.

बऱ्याच जणांना भारतीय सिम ई-सिममध्ये, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवलेल्या सिममध्ये, बदलून खाच मोकळी करायची असते. कल्पना चांगली आहे, पण वेळ चुकवू नका. दूरसंचार विभागाच्या नियमामुळे सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद राहतात, येणारे आणि जाणारे दोन्ही. त्या काळात एकही ओटीपी मिळत नाही. निघण्याच्या किमान आठवडाभर आधी हे उरकून घ्या.

तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर भारतीय नंबरची मुदत हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मुदत संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, मग येणारे. ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. अशा शिलकीच्या भरवशावर बसण्यापेक्षा लांब मुदतीचं रिचार्ज मारून जा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, विशेष पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली आणि नुसते कॉल व एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना सांगितलं. वर्षभर डेटा न वापरता नंबर टिकवायला तेच पॅक स्वस्त पडतात. तरी मुदत संपलीच तर इथं राहणारं कुणीही तुमच्या नंबरवर रिचार्ज करू शकतं. त्यासाठी सिम हातात लागत नाही, नंबर माहीत असला की झालं.

व्हॉट्सअ‍ॅपचं विचारलं नाहीत, पण सांगतो. नवं सिम घातल्यावर ते ‘नंबर बदलला का?’ असं विचारू शकतं. जुनाच ठेवा. नंबर भारतीय आणि नेट परदेशी, असं ते बिनघोर चालतं.

प्रश्न : बँकॉक-पट्टायाच्या सहलीत आम्ही तीसेक जण आहोत. सिम विमानतळावर घ्यावं की इथूनच मागवावं? (सिडको)

उत्तर : थायलंडपुरतं विमानतळावरचं सिम चांगलं. एआयएस, ट्रू आणि डीटॅक यांचे काउंटर सामान घेऊन बाहेर आल्यावर समोरच असतात. ट्रू आणि डीटॅक २०२३ मध्ये एकत्र आल्या असल्या तरी पाट्या वेगळ्या दिसू शकतात. पर्यटकांसाठी ८ आणि १५ दिवसांचे पॅक मिळतात. नोंदणीसाठी मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. सहलीत पुष्कळदा टूर मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून ठेवतो. सिम घेईपर्यंत पासपोर्ट हातात राहू द्या, असं त्याला विमानातच सांगून ठेवा. तीस जणांनी एका काउंटरवर उभं राहिलं की बस खोळंबते, म्हणून नवरा-बायकोत एक सिम घेऊन दुसऱ्याला हॉटस्पॉट दिला तरी भागतं.

काउंटरवरची मुलगी फोन मागून घेईल, तुमचं सिम काढेल, नवं घालेल, पासपोर्ट आणि तुमचा चेहरा स्कॅन करेल आणि फोन परत देईल. हे सगळं भराभर होतं. त्यात तुम्ही लक्ष ठेवायचं ते असं. तुमचं भारतीय सिम काढायचं नाही, नवं दुसऱ्या खाचेत घाल, हे आधीच खुणेने दाखवा. काढलंच तर ते तिथल्या तिथं परत घ्या. बोटाच्या नखाएवढं ते कार्ड काउंटरवरच्या कागदांत सहज हरवतं. फोनची भाषा मराठी असेल तर तात्पुरती इंग्रजी करून द्या, तिला सेटिंग सापडणार नाहीत. फोन हातात आल्यावर विमानतळाचं वायफाय बंद करा आणि मगच एखादं नवं पान उघडून बघा. वायफाय चालू असताना सगळंच चालतं आणि खरी गोष्ट बसमध्ये कळते. ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून सिम तोडलं तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. नंबर आणि पीयूके कोड, म्हणजे सिमला कुलूप लागलं तर ते उघडणारा आकडा, तिच्यावरच असतो. मुदत कशी मोजतात तेही विचारा. काही पॅक सुरू केल्यापासून पूर्ण २४ तासांचा एक दिवस धरतात, काही मध्यरात्रीला दिवस बदलतात. रात्री ११ ला उतरणाऱ्याचा दुसऱ्या पद्धतीत एक दिवस एका तासात संपतो.

इथूनच घ्यायचं असेल तर भारतात परदेशी सिम विकणाऱ्याला दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते आणि तो तुमच्या पासपोर्टची प्रत मागतो. ‘आधीच चालू केलेलं आहे, कागदपत्रं नकोत’ असं सांगून कुणी देत असेल तर घेऊ नका. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदलेलं असतं आणि सहलीच्या मध्येच बंद पडलं तर तक्रारही करता येत नाही.

प्रश्न : द्राक्ष निर्यातीच्या कामासाठी फेब्रुवारीत बर्लिनच्या फळ प्रदर्शनाला, तिथून रॉटरडॅमला आणि येताना दोन दिवस स्वित्झर्लंडला जायचं आहे. तीन सिम लागतील का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : एकातही भागेल, पण ते कुठं घेता आणि त्यात काय लिहिलंय यावर सगळं आहे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात त्याच दरात चालतं. जर्मनीचं सिम नेदरलँड्समध्ये चालेल. सीमा ओलांडली की त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र सुरू करावं लागतं. भारतीय सिमचं बंद, युरोपातल्या सिमचं चालू, असं लक्षात ठेवा. पुष्कळजण घाबरून दोन्ही बंद ठेवतात आणि रॉटरडॅमला उतरल्यावर नेट का नाही म्हणून हैराण होतात.

स्वित्झर्लंड संघात नाही. तिथं त्याच सिमवर काही कंपन्या सवलत देतात, काही जबर दर लावतात, काही सेवाच देत नाहीत. पॅकच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ब्रिटनलाही आता संघाचा हा नियम लागू नाही.

जर्मनीत २०१७ च्या जुलैपासून प्रीपेड सिमला ओळखपत्राची पडताळणी सक्तीची आहे. सुपरमार्केटमध्ये सिम दहा युरोच्या आसपास सहज मिळतं, पण ते निपचित असतं. नोंदणीत जर्मनीतला पत्ता विचारतात आणि मग पोस्टात जाऊन किंवा व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून, हलवून दाखवावा लागतो. त्या व्हिडिओ कॉलला नेट लागतं, तेव्हा हॉटेलचं वायफाय धरून बसावं लागतं. दोन-तीन दिवसांच्या कामाच्या दौऱ्यात हा खटाटोप परवडत नाही. जिथला विक्रेता समोरच पासपोर्ट तपासून सिम सुरू करून देतो अशा दुकानातूनच घ्या, हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद जवळ ठेवा. नेदरलँड्समध्ये अशी नोंदणी सक्तीची नाही. प्रवासाचा क्रम तुमच्या हातात असेल आणि आधी रॉटरडॅमला उतरत असाल तर तिथलं सिम घेऊन बर्लिनला जाणं सोपं. नुसतं नेट पुरणार असेल तर तिन्ही देश असलेलं ई-सिम इथूनच बसवून जाणं सगळ्यात सुटसुटीत.

प्रश्न : फ्रान्समध्ये घेतलेलं सिम चार आकडी पिन मागत होतं. दोन-तीनदा अंदाजाने टाकला, मग पीयूके मागायला लागलं. (नाशिकरोड)

उत्तर : युरोपातली सिम पुष्कळदा पिन लावूनच येतात. पिन चौकटीवर छापलेला असतो, कधी खरवडायच्या पट्टीखाली. तीनदा चुकला की आठ आकडी पीयूके लागतो, तोही चौकटीवरच. पीयूके दहादा चुकला तर कार्ड कायमचं मरतं, दुकानदारही काही करू शकत नाही. अंदाज करायचाच नाही. पीयूके मिळाल्यावर **०५* मग पीयूके, मग * आणि नवा पिन, पुन्हा * आणि तोच नवा पिन, शेवटी # असं दाबलं की कुलूप उघडतं. बहुतेक फोन आता स्वतःच रकाने दाखवतात.

प्रश्न : लंडनमध्ये एका स्वस्त कंपनीचं सिम घेतलं. रेंज पूर्ण, फोनही लागत होता, पण नेट शेवटपर्यंत चाललं नाही. (सातपूर)

उत्तर : यात बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे सिम ज्या दाराने नेटला जोडलं जातं त्याचं नाव, चुकलेला असतो. स्वस्त सिम विकणाऱ्या पुष्कळ कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या मोठ्या कंपनीचे भाड्याने वापरतात. फोन टॉवर बघून मोठ्या कंपनीचा एपीएन आपोआप लावतो आणि तुमच्या सिमला त्या दाराने आत सोडत नाहीत. आवाजाचे कॉल वेगळ्या वाटेने जातात, म्हणून ते लागतात.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, ते सिम, ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स’ इथं जा. अधिकच्या खुणेवर नवा एपीएन जोडा, पाकिटावर दिलेलं नाव लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दिला असेल तर तोही. मग तीन ठिपक्यांतून ‘सेव्ह’ करा आणि परत येऊन त्याच्या पुढचं वर्तुळ निवडा. सेव्ह न करता मागे येणं आणि सेव्ह करून न निवडणं, या दोन चुका सर्रास होतात.

एपीएन बरोबर असूनही अडलं तर लक्षण बघा. कुठलंही पान उघडलं तरी कंपनीचंच रिचार्जचं पान समोर येत असेल, तर पॅक बसलेला नाही किंवा संपला आहे. ‘नो सिम’ दिसत असेल तर कार्ड ट्रेमध्ये नीट बसलेलं नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर नोंदणी अपुरी आहे किंवा तुमचा फोन त्या नेटवर्कला मान्य नाही. कधी रोमिंगमध्ये हाताने नेटवर्क निवडलेलं असतं आणि फोन तेच शोधत राहतो. ‘नेटवर्क ऑपरेटर’मध्ये जाऊन ऑटोमॅटिक करा. जाहिराती रोखणारं व्हीपीएन किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावलेलं असेल तर तेही थोडा वेळ बंद करून बघा. शेवटचा उपाय नेटवर्क रीसेटचा. त्यात ‘ई-सिम पुसा’ असा पर्याय दिसला तर तिथं खूण करू नका.

प्रश्न : ई-सिमचा क्यूआर कोड आला आहे. तो इथं स्कॅन करावा की उतरल्यावर? दोघांच्या फोनवर एकच चालेल का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : इथंच, घरच्या वायफायवर. ई-सिम उतरवून घ्यायला नेट लागतं आणि परक्या विमानतळावर ते शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘बसवणं’ आणि ‘सुरू होणं’ वेगळं असतं. बहुतेक पॅकची मुदत तिकडच्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यावर मोजतात, पण काहींची बसवल्या क्षणी सुरू होते. ई-मेलमधली ती ओळ वाचून मगच दिवस ठरवा. बसवल्यावर ती लाइन बंद ठेवा, विमानातून उतरल्यावर चालू करा.

फोनला ई-सिम चालतं का हे बघायला *#०६# दाबा. आयएमईआयबरोबर ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांक, दिसला तर चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. कोड त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? तो कागदावर छापा किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा.

एक कोड एका फोनसाठी आणि सहसा एकदाच. दोघांना दोन घ्यावे लागतील. नेट चाललं नाही म्हणून ई-सिम काढून पुन्हा स्कॅन करू, हा विचार करू नका. काढलेलं बहुतेक वेळा परत बसत नाही आणि पैसे गेले. न चालण्याचं कारण बहुधा साधं असतं. प्रवासी ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांचं सिम मुळात तिसऱ्याच देशातलं असतं आणि तुम्ही जाल तिथं ते रोमिंगवर चालतं. त्या लाइनचं डेटा रोमिंग सुरू केल्याशिवाय नेट येत नाही. अशा सिमला बहुधा फोन नंबर नसतो, नुसतं नेट असतं.

प्रश्न : यंत्रं बघायला ग्वांगझूला जायचं आहे. तिथलं सिम घेतलं तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल का? (अंबड)

उत्तर : नाही. चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉमचं सिम पासपोर्टवर मिळतं, पण त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, जीमेल उघडत नाही. रोमिंगवरच्या सिमचं नेट त्याच्या मूळ देशातून फिरून येतं, म्हणून भारतीय सिमचा रोमिंग पॅक किंवा हाँगकाँगचं प्रवासी सिम यांवर ते चालतं. कारखान्याचे फोटो आणि कोटेशन रोज अंबडला पाठवायची असतील तर हाच मार्ग धरा.

प्रश्न : उमराहला जाताना आईच्या नावावर सिम मिळालं नाही, बोटांचे ठसेच उमटत नव्हते. (मालेगाव)

उत्तर : सौदीत सिमसाठी पासपोर्टबरोबर बोटाचे ठसे घेतात, एसटीसी, मोबिली, झेन कुणाचंही घ्या. वय झालेल्यांचे आणि मागावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे ठसे झिजलेले असतात. हात धुऊन कोरडे करावेत, थोडं चोळून गरम करावेत, अंगठा आणि दुसरी बोटंही लावून बघायला सांगावं. तरी नाही जमलं तर सोबतच्या कुणाच्या तरी नावावर घ्यावं, मात्र ती व्यक्ती आईंबरोबर शेवटपर्यंत असायला हवी.

प्रश्न : परदेश नाही, पण काश्मीरला गेल्यावर आमचं प्रीपेड बंद पडलं. रिचार्ज तर होतं. (कॉलेज रोड)

उत्तर : जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. गटातल्या एकाने तरी पोस्टपेड घेऊन जावं.

प्रश्न : परत आल्यावर त्या सिमचं काय करायचं? पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे. (पंचवटी)

उत्तर : पर्यटक पॅकचा नंबर मुदत संपल्यावर थोड्याच काळात बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. म्हणून तो नंबर कुठल्याही खात्याला, ई-मेलला किंवा व्हॉट्सअ‍ॅपला जोडू नका; जोडला असेल तर निघण्याआधी तिथंच काढा, कारण काढतानाही ओटीपी त्याच नंबरवर येतो. पुढच्या वर्षी नवंच घ्यावं लागेल. ई-सिम वापरलं असेल तर ते फोनमधून पुसताना आधी लाइनचं नाव वाचा. त्याच यादीत तुमचं भारतीय ई-सिमही असतं.